बदकांचे दार केव्हा उघडावे

पुरस्कर्ता : घराच्या परसात पाळलेली बदके दिवसा मोकळी सोडायची आणि तिन्हीसांजेला खुराड्यात घ्यायची, ही रीत आसाम, बंगाल आणि केरळात जुनी आहे. महाराष्ट्रात बदके मुळातच थोडी. पण कोकणात नारळी-पोफळीच्या बागेत किंवा भातखाचराच्या कडेला चार-दोन बदके दिसली, तर त्यांचाही दिनक्रम बहुधा हाच असतो. याचे मूळ बदकाच्या चोचीत आहे. चोचीच्या कडांना आतून बारीक दातेरी पट्ट्या असतात. बदक चिखल-पाणी तोंडात घेते, जिभेने बाहेर लोटते आणि पट्ट्यांत अडकलेल्या अळ्या, किडे, बिया, शेवाळ गिळते. चोचीच्या टोकाशी स्पर्शज्ञान इतके तीव्र असते की गढूळ पाण्यात डोळ्यांना न दिसणारे भक्ष्यही त्याला कळते. अशा पक्ष्याला चार भिंतींत ठेवून घमेल्यात खाद्य ओतणे म्हणजे त्याच्याकडचे सर्वांत चांगले अवजार बिनकामाचे करणे होय.

कोंबडीशी तुलना केली की बदकाचा गुण अधिक कळतो. कोंबडी नखांनी उकरते, वाफे विसकटते, रोपांच्या मुळ्या उघड्या पाडते. बदकाचे पाय पोहण्यासाठी असतात. ते उकरत नाही. पानांखाली, चिऱ्यांच्या फटींत, ओल्या पाचोळ्यात चोच घालत ते पुढे सरकते आणि शंख असलेल्या-नसलेल्या गोगलगायी टिपत जाते. (कोवळी पालेभाजी मात्र तेही सोडत नाही, हे मान्य करायला हवे.) २०२२च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि धाराशिव भागांत गोगलगायींनी उगवते सोयाबीन फस्त केले, तेव्हा हाताने वेचून मिठाच्या पाण्यात टाकण्याची वेळ शेतकऱ्यांवर आली. पूर्ण वाढलेली आफ्रिकन गोगलगाय बदकाच्या घशाखाली उतरणार नाही. पण तिची पिल्ले उतरतात, आणि प्रादुर्भाव आवरायचा तो पिल्लांच्या अवस्थेतच. परसातली बदके सोयाबीनचा तालुका वाचवतील असे कोणी म्हणत नाही. घरापुरती भाजी आणि पोफळीखालची ओली जमीन ती राखतात, आणि वर अंडी देतात.

शंकेखोर : बदके चरून पोट भरतात, हे विधान कुट्टनाडच्या कळपांबद्दल खरे आहे. तेथे समुद्रसपाटीच्या खालच्या जमिनीत भात होतो. कापणी झाली की ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या स्थानिक जातींच्या बदकांचे हजारोंचे कळप खाचरांत उतरवतात. सांडलेले भात, गोगलगायी, किडे खाऊन एक शेत संपले की कळप पुढच्या शेताकडे हाकतात. तेथील हिशेब जमतो, कारण कळप हलता असतो. परस हलत नाही. दोन गुंठ्यांतल्या गोगलगायी पाच-सहा बदके काही आठवड्यांत संपवतात. त्यानंतर ती ओल्या जमिनीत चोचीने भोके पाडत राहतात, गवत तुडवले जाते आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचा चिखल दर आठवड्याला हातभर पसरतो. पुढे माघ-फाल्गुनात कोकणातली कातळाची जमीन अशी टणक होते की चोच आत शिरत नाही. मग ‘चरणे’ म्हणजे नुसते हिंडणे.

अंड्यांच्या आकड्यांतही गल्लत होते. खाकी कॅम्पबेल ही जात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. ते खोटे नाही; पण तो आकडा पोटभर संतुलित खाद्य मिळणाऱ्या बदकांचा आहे. भारतीय पशुसंवर्धनाच्या मार्गदर्शिका या जातीला वयाच्या २० आठवड्यांपर्यंत सुमारे साडेबारा किलो आणि पुढे अंड्यांच्या काळात रोज १२० ते १७० ग्रॅम खाद्य धरतात. खर्च सांगताना उरलासुरला भात आणि कोंडा, उत्पन्न सांगताना तीनशे अंडी, असा हिशेब मांडला तर तो नफ्याचाच दिसणार.

पुरस्कर्ता : तीनशेचा आकडा सोडून द्यावा हे बरेच. खाकी कॅम्पबेल ही जात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरात ॲडेल कॅम्पबेल यांनी संकरातून तयार केली, ती अंड्यांसाठीच. तिच्याकडून खुराकाशिवाय तेवढी अंडी मागणे अन्याय आहे. आसामची ‘पाती’ किंवा बिहारची ‘मैथिली’ ही देशी बदके कमी अंडी देतात आणि कमी मागतात. परसासाठी जात निवडताना अंड्यांच्या आकड्याआधी हे पाहायला हवे.

जमिनीचा आक्षेप अधिक खरा आहे; पण तो पद्धतीवर नसून संख्येवर आहे. अर्धबंदिस्त पालनासाठी दर बदकामागे रात्रीच्या निवाऱ्यात ३ चौरस फूट आणि बाहेर १० ते १५ चौरस फूट जागा सांगतात. हे बाहेरचे माप खाद्य घातलेल्या बदकाने पाय मोकळे करण्याचे आहे, चरण्याचे नव्हे. चरायचे असेल तर जागा याच्या कितीतरी पट हवी, आणि तीही दोन-तीन भागांत वाटलेली, म्हणजे एका भागात बदके असताना दुसरा भाग भरून निघतो. दोन गुंठ्यांत तीन बदके ठेवावीत, बारा नव्हेत. आणि ऋतूप्रमाणे खाद्य कमी-जास्त करावे. मृगापासून दिवाळीपर्यंत परस बरेच काही देतो. कापणीनंतर खाचरात सांडलेले भात असते. उन्हाळ्यात मात्र कणी, कोंडा, थोडा सुका जवळा, टाकीत वाढवलेला ॲझोला यांवर भिस्त ठेवावी लागते.

येथे एक धोका आवर्जून सांगायला हवा. बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड गुरांना घालवत नाही म्हणून बदकांपुढे टाकण्याची सवय घातक आहे. अशा बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिन या विषाला पाळीव पक्ष्यांत बदकाची पिल्ले सर्वाधिक लवकर बळी पडतात. या विषाचा शोधच १९६० मध्ये इंग्लंडमध्ये दूषित शेंगपेंड खाऊन लाखभर टर्की आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिल्लेही मेली, त्यातून लागला. आणखी एक चूक पिल्लांच्या खाद्यात होते. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागते. कोंबडीचे खाद्य तसेच घातले तर पाय वाकतात, आणि मग दोष बदकांच्या जातीला दिला जातो.

शंकेखोर : जागा आणि खाद्य यांचे प्रश्न हिशेबाने सुटतील. न सुटणारा प्रश्न वेळेचा आहे, आणि त्याकडे या पद्धतीचे समर्थक सहसा पाहत नाहीत.

गोगलगाय निशाचर आहे. ती सूर्यास्तानंतर बाहेर येते आणि दव सुकायच्या आत लपते. ज्या रानबदकापासून बहुतेक पाळीव बदके आली, तेही संध्याकाळी आणि रात्री मोठ्या प्रमाणावर चरते. म्हणजे भक्ष्य आणि भक्षक दोघेही ज्या वेळी हालचाल करतात, नेमक्या त्याच वेळी खुराड्याचे दार बंद असते. त्यात अंड्यांची भर. मादी पहाटे अंडे घालते. जवळजवळ सगळी अंडी सकाळी ९ च्या आत पडतात. उजाडताच बदके सोडली तर अंडी तळ्यात, गवतात, कुंपणाच्या कडेला विखुरतात आणि कावळ्याच्या वा घोरपडीच्या वाट्याला जातात. म्हणून जाणकार सांगतात की नऊपर्यंत दार उघडू नये. नऊ वाजता कोरड्या महिन्यांत दव केव्हाच सुकलेले असते. अंडी हवी असतील तर दार उशिरा उघडायचे. गोगलगायी मारायच्या असतील तर झुंजूमुंजू होताच. एकाच दारापासून दोन्ही कामे साधतात, असे म्हणणारा कोणत्या तरी एका कामाचा हिशेब लपवतो.

पुरस्कर्ता : पावसाळ्यात हा पेच बराच सैल होतो. आभाळ भरलेले, जमीन दिवसभर ओली. गोगलगायी दुपारीही हिंडतात. पालेभाजीला त्यांचा उपद्रव याच महिन्यांत असतो. कोरड्या दिवसांत संध्याकाळचा तास उपयोगी पडतो. चार वाजता बागेला पाणी सोडले की पाटाच्या कडेने किडे वर येतात. तेव्हापासून अंधार पडेपर्यंत बदकांना चांगले चरता येते. तरीही पहाट हातची जाते, हे नाकारता येत नाही.

पण ती पहाट कशाच्या बदल्यात जाते? रात्रीच्या धोक्याच्या. कोकणात घराभोवती कांडेचोर, रानमांजर, कोल्हा, गावातली भटकी कुत्री आणि आता बऱ्याच ठिकाणी बिबट्याही फिरतो. बदक उडून झाडावर बसत नाही. पाळीव बदकांचे शरीर जड, पाय आखूड. जमिनीवर ते सहज सापडते. झोपेतही ते पहारा करते: रानबदकांवरच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की रांगेच्या टोकाला झोपलेला पक्षी बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतो आणि मेंदूचा एकच अर्धा भाग झोपवतो. मोकळ्या पाण्यावर हा पहारा पुरतो, कारण पाठ फिरवून पोहत जायला जागा असते. परसात चिऱ्यांच्या गडग्याने अडवलेल्या कोपऱ्यात नुसते जागे राहून काय होणार?

कोंबडी अंधार पडू लागला की आपणहून खुराड्याकडे येते. बदक येत नाही. त्याला अंधाराचे भय नाही आणि पाण्याची ओढ आहे. त्यामुळे पिल्ले असल्यापासून रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या आवाजात हाक मारून, आत मूठभर दाणे टाकून सवय लावावी लागते. सवय लागली की रांग धरून येतात. एक दिवस चुकवला की दुसऱ्या दिवशी शोधत फिरावे लागते. निवारा साधा असला तरी काही गोष्टींत तडजोड चालत नाही. कोंबड्यांसाठी मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तिथे वेल्ड केलेली, अर्ध्या इंची घरांची जाळी हवी. जमीन मातीची असेल तर घूस खालून पोखरते, म्हणून कोबा करावा किंवा जाळी जमिनीत वीतभर पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी. कडी अशी असावी की नुसती ढकलून उघडणार नाही. बसायला दांडा नको, बदके जमिनीवरच बसतात. त्याऐवजी भाताच्या तुसाचा जाड थर हवा आणि आत शिरायला पायरीऐवजी उतार. हवेसाठीची जाळी डोक्याच्या वर, म्हणजे ओल आणि अमोनियाचा वास बाहेर जातो पण झोतात पक्षी सापडत नाहीत. रात्री दचकली की बदके एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची चेंगरतात. मंद दिवा ठेवला तर हे टळते. आत खाद्य ठेवायचे असेल तर पाणीही ठेवावे लागते, कारण कोरडे पीठ पाण्यावाचून बदकाच्या घशात अडकते. आणि पाणी ठेवले की सकाळपर्यंत तुसाचा चिखल होतो. म्हणून पुष्कळ जण संध्याकाळी बाहेरच खाऊ-पिऊ घालून रात्री दोन्ही काढून घेतात. एवढे सगळे एका छोट्या घरात नीट बसवले की रात्रीचा प्रश्न संपतो.

शंकेखोर : हे सगळे खुराडे उत्तमच आहे. पण ते अपरिहार्य आहे का? जपानमधल्या फुकुओका प्रांतातले शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भात आणि बदके एकत्र वाढवण्याची जी पद्धत बसवली, तिचे मर्म उलट आहे. लावणीनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी बदकांची पिल्ले खाचरात सोडायची आणि भाताला लोंब्या येईपर्यंत रात्रंदिवस तिथेच ठेवायची. ती तण आणि किडे खातात, पाणी ढवळतात, विष्ठेचे खत देतात. भाताची पाने सिलिकामुळे खरखरीत असल्याने त्यांना फारसे तोंड लावत नाहीत. आशियात पूर्वीही बदके शेतात नेत, पण संध्याकाळी हाकत घरी आणत. फुरुनो यांनी बदके रात्री हलवण्याऐवजी शेतालाच कुंपण घातले, तेही विजेचे, कारण कुत्र्यांपुढे साधे कुंपण टिकले नाही. ज्या पहाटेबद्दल आत्ता हळहळ झाली, ती त्यांच्या बदकांना पुरेपूर मिळते. मग परसात खुराड्यावर खर्च करण्याऐवजी कुंपणावर का करू नये?

पुरस्कर्ता : कारण तो हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आहे. पिल्ले छोटी असतात, अंडी देत नाहीत. लोंब्या आल्या की ती बाहेर काढली जातात आणि पुढे मांसासाठी जातात. परसातली मादी बदके तीन-चार वर्षे राहतात आणि त्यांची अंडी रोज गोळा करायची असतात. शिवाय भातखाचर सपाट आणि चौकोनी. कोकणातला परस उताराचा, झाडीचा, गडग्यांचा. बिबट्या तारेच्या कुंपणावरून उडी मारतो, कांडेचोर फांदीवरून उतरतो. वीज गेली की कुंपणही गेले, आणि पावसाळ्यात वीज जाण्याला कोकणात मुहूर्त लागत नाही. फुरुनो यांच्या पद्धतीतून घ्यायचे ते दुसरेच आहे: बदके शेतात केव्हा घालावीत याइतकेच केव्हा काढावीत हेही ठरलेले असते. निसवलेल्या भातात बदके गेली की ती दाणे ओरबाडतात. शेजाऱ्याशी भांडण नको असेल तर हे पंचांग पाळावेच लागते.

शंकेखोर : शेजाऱ्याचा विषय निघाला हे चांगले झाले. दिवसाचे धोके क्षणभर बाजूला ठेवू, जरी मुंगूस दिवसाच फिरतो, घार पिल्ले उचलते आणि कुत्र्याला दिवस-रात्र सारखीच. रोज संध्याकाळी हाक मारायला कोण घरी असते, लग्नकार्याला दोन दिवस बाहेर जायचे तर काय, आणि ओले तूस बदलण्याचे काम घरातल्या कोणाच्या, बहुधा बाईच्या, अंगावर पडते, हेही सोडून देऊ. आतापर्यंतचा वाद बदकांना काय होते एवढ्यापुरता आहे. खुराडे बाहेरच्या जगापासून बदकांना वाचवते. बदकांपासून बाहेरच्यांना वाचवायचे असेल तर दिवसाकडे पाहावे लागते.

बदकाची विष्ठा पातळ असते आणि ते पाण्यातच विष्ठा टाकते. वाडीच्या तळ्यात किंवा विहिरीच्या कट्ट्याशी दहा बदके वर्षभर राहिली तर पाणी हिरवे व्हायला वेळ लागत नाही. साचलेल्या, कुजक्या पाण्यात चरताना त्यांना स्वतःलाही बोटुलिझमचा धोका असतो. मेलेल्या जनावराच्या अळ्या खाल्ल्या की मान लुळी पडते. शेजारच्या शेतात दाणेदार कीटकनाशक टाकलेले असेल तर तेही ती बियांसारखे टिपतात. पण हे सगळे बर्ड फ्लूपुढे किरकोळ आहे.

एच५ गटाच्या विषाणूंनी कोंबड्या पटापट मरतात. बदके मात्र पुष्कळदा आजारी न दिसता विषाणू बाहेर टाकत राहतात. थायलंडमध्ये २००४ च्या साथीनंतर झालेल्या अभ्यासात मोकळ्या चरणाऱ्या बदकांचे प्रमाण, भातशेतीचे पट्टे आणि रोगाचे ठिकाण यांचा जवळचा संबंध दिसला आणि तेथील सरकारने मोकळ्या कळपांवर बंधने आणली. कुट्टनाडात २०१४, २०१६, २०२१ आणि २०२४ अशा साथी येत राहिल्या आणि प्रत्येक वेळी हजारो बदके मारून पुरावी-जाळावी लागली. साथ सापडली की भारतातल्या नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट करतात. त्यात कधीही परसाबाहेर न गेलेल्या, शेजाऱ्याच्या दारच्या कोंबड्याही आल्या. एकाच्या बदकांनी दिवसभर हिंडायचे आणि किंमत सबंध वाडीने द्यायची, याला परसबागेचे कौतुक कसे म्हणावे?

पुरस्कर्ता : भारतातली पहिली साथ कुठे झाली, तेही सांगायला हवे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, अंड्यांच्या कोंबड्यांच्या व्यापारी शेडमध्ये. विषाणूला पसरायला एका छपराखाली दाटीने भरलेले हजारो पक्षी मिळतात, तेव्हा साथ भडकते. पक्षी, ट्रे, खाद्याच्या गाड्या, माणसांचे बूट यांच्यातून तो गावोगाव जातो. तीन बदकांच्या परसाला त्याच तराजूत तोलणे बरोबर नाही. कुट्टनाडचे कळपही परस नव्हेत. ते हजारोंचे आणि फिरते आहेत. थायलंडचा अभ्यासही अशाच फिरत्या कळपांकडे बोट दाखवतो. परसातली बदके रोज त्याच जागी चरतात, रात्री त्याच घरात झोपतात, बाजारात हिंडत नाहीत.

काळजी घेता येतेच. खाद्य आणि पाणी उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवले तर कावळे-बगळे तिथे येत नाहीत. नवी बदके आणली तर काही आठवडे वेगळी ठेवावीत. डक प्लेगची लस वेळेवर द्यावी. ती बर्ड फ्लूवर चालत नाही, पण बदकांच्या मरतुकीची दोन कारणे एकात मिसळण्याची शक्यता कमी होते, आणि मरतूक झाली तर पशुवैद्यकाला कळवायला विलंब होत नाही. अंडी धुऊन, पूर्ण शिजवून खावीत. साथ जवळ आली की दार दिवसाही बंद ठेवावे. रात्रीचे घर मजबूत असेल तर हे लगेच करता येते. खुराडेच नसलेल्याला तो मार्ग नाही.

शंकेखोर : ते घर तीन चौरस फुटांच्या हिशेबाने बांधलेले आहे. रात्रीच्या झोपेला ती जागा पुरते. साथ एका रात्रीत जात नाही. इंग्लंडमध्ये ७ नोव्हेंबर २०२२ ला सगळे पाळीव पक्षी, अगदी घरातला एकुलता एकसुद्धा, बंदिस्त ठेवण्याचा आदेश निघाला तो १८ एप्रिल २०२३ पर्यंत राहिला. पाच महिने. त्या काळात तुसाचा थर, पाण्याचे टब, एकमेकांची पिसे उपटणे यांचे काय होते, हे तिथल्या परसपालकांना चांगलेच कळले असणार. म्हणजे दिवसा मोकळे सोडण्याची पद्धत स्वीकारणाऱ्याने प्रत्यक्षात पूर्णवेळ बंदिस्त पालनाइतकी जागा राखून ठेवली पाहिजे. ती राखायची तर खर्च वाढला. न राखायची तर साथीच्या वेळी दार बंद ठेवण्याचे आश्वासन कागदावरच राहिले.

पुरस्कर्ता : हा मुद्दा मान्य करावा लागतो. घर दुप्पट-तिप्पट मोठे हवे, किंवा त्याला लागून छप्पर आणि जाळी असलेला ओटा हवा. कोकणात पावसाळ्यासाठी तसा ओटा तसाही उपयोगी पडतो. आषाढातल्या झडीत बदके मजेत असली तरी त्यांच्या खाद्याचा आणि तुसाचा निभाव लागत नाही. एवढी तयारी असेल तर वर्षातला बहुतेक काळ दार उघडे ठेवायला हरकत कोणती?

शंकेखोर : बहुतेक काळ म्हणजे कोणता काळ, हे ठरवायला गेले की अडचण येते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात कापून होते. खाचरात दाणा सांडलेला, जमीन अजून ओलसर, कीटक भरपूर. बदकांसाठी वर्षातली सर्वांत चांगली चराई याच दोन-तीन महिन्यांत. आणि उत्तरेकडची स्थलांतरित बदके, चक्रवाक, इतर पाणपक्षी याच महिन्यांत तळ्यांवर आणि खाड्यांवर उतरतात. तीही रात्री त्याच खाचरांत चरायला येतात. दाणा जिथे जास्त, पाहुणेही तिथेच जास्त. जोखीम टाळायची असेल तर दार नेमके हंगामात बंद ठेवावे लागेल. आणि हंगामात बंद ठेवले तर उरलेल्या महिन्यांत कणी-कोंड्यावर पोसलेल्या बदकांना चरणारी बदके म्हणण्यात अर्थ नाही.

पुरस्कर्ता : खाचर वेगळे आणि परस वेगळा. हिवाळ्यात बदके खाचराकडे आणि तळ्याकडे न सोडता परसातच ठेवावीत, एवढा भेद पुरेसा आहे. चराई थोडी कमी पडेल. दोन मुठी खाद्य वाढवावे.

शंकेखोर : बगळा हा भेद पाळत नाही. तो सकाळी तळ्यावर असतो आणि दुपारी परसातल्या बदकांच्या टबावर. कावळ्याचे तर घरच परसातल्या माडावर. परसावर वरून जाळी ताणली तर पक्षी थांबतील, विष्ठा नाही. पत्र्याचे छप्पर घातले तर विष्ठाही थांबेल, पण त्याखाली गवत आणि गोगलगायी राहतील का?

पुरस्कर्ता : थोडा भाग छपराखाली, थोडा उघडा, साथीची बातमी नसेल तेव्हा उघड्या भागाचे दार सोडावे, असेल तेव्हा नाही. बातमी उशिरा येईल ही शंका रास्त आहे. पण ती शंका वर्षभर दार बंद ठेवण्याइतकी मोठी आहे का, हे तीन बदकांच्या घरात आणि तीनशे बदकांच्या घरात एकसारखे ठरणार नाही.

शंकेखोर : आणि तीन बदकांची तीस घरे असलेल्या वाडीत?